‘विनियमन’ म्हणजे नियमन उठवणं नव्हे

प्रश्न असा आहे : अर्थविषयक मजकूर मराठीत लिहिताना ‘रेग्युलेशन’ला नियमन म्हणावं, विनियमन की नियंत्रण? आणि ‘डीरेग्युलेशन’साठी विनियमन चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ही चूक छापून गेली तर अर्थ थेट उलटा होतो. विनियमन म्हणजे नियमनच. ‘वि’ हा उपसर्ग ‘विफल’मध्ये अभाव दाखवतो, ‘विशुद्ध’मध्ये आधिक्य; विनियमनातला ‘वि’ या दुसऱ्या जातीचा. घोटाळ्याला हिंदीही हातभार लावते. तिथल्या सरकारी भाषेत ‘विनियमन’ म्हणजे नियमन, पण ‘विनियंत्रण’ म्हणजे नियंत्रण उठवणं. मराठीने सरळ वाट धरली : नियंत्रणमुक्ती, नियमनमुक्ती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘नियंत्रणमुक्त’ झाले. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, तेव्हा मात्र शब्द आला ‘नियमनमुक्ती’. हा फरक नेमका आहे, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पेट्रोलचा भाव सरकार ठरवत होतं. बाजार समितीत कांद्याचा भाव सरकार ठरवत नाही. सौदा कोणत्या रीतीने व्हावा ते ठरवतं. खरेदीदार परवानाधारक हवा, लिलाव उघड हवा, वजन प्रमाणित काट्यावर हवं, हिशेबपट्टी हवी. पूर्वी दलाल आणि खरेदीदार यांच्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत असे तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाला काय बोली लागली ते कळत नसे. कारंजा इथे १८८६ मध्ये सुरू झालेला कापसाचा बाजार हा देशातला पहिला नियमित बाजार मानतात. वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा त्यानंतर, १८९७चा. नियंत्रण निकाल बांधून ठेवतं : भाव, साठा, वाटा. नियमन रीत बांधून देतं आणि निकाल बाजारावर सोडतं.

व्युत्पत्तीचा आधार इथे फारसा मिळत नाही. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘यम्’ हाच धातू आहे, आवरून धरणं या अर्थाचा. संयम, नियामक, यंत्र, आणि सारथी या अर्थाचा संस्कृत ‘यन्ता’ही त्याच कुळातले. फरक पडला तो वापराने. रेशनच्या काळात ‘कंट्रोलची साखर’, ‘कंट्रोलचं दुकान’ लोकांच्या तोंडी बसलं आणि नियंत्रणाला ठरलेला भाव व ठरलेला वाटा हा अर्थ कायमचा चिकटला.

औषधाची पट्टी हातात घेतली की दोन्ही शब्द एकाच जागी दिसतात. तिच्यावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापलेली असते. ही किंमत सरकारने ठरवलेली असते असा समज सर्वत्र आहे. तो बहुतेक वस्तूंच्या बाबतीत चुकीचा आहे. बिस्किटाच्या पुड्यावरची एमआरपी कंपनी स्वतः ठरवते. कायदा एवढंच सांगतो की ती छापा आणि तिच्यावर एक पैसाही घेऊ नका. हे नियमन. पण औषध जर अत्यावश्यक औषधांच्या अनुसूचित यादीतलं असेल, तर २०१३च्या औषधे (किंमत नियंत्रण) आदेशानुसार त्याला कमाल मर्यादा लागते : बाजारात १ टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांचा किरकोळ विक्रेत्याला पडणारा दर घ्यायचा, त्याची साधी सरासरी काढायची, वर १६ टक्के विक्रेत्याचा नफा. हे नियंत्रण, आणि आदेशाच्या नावातही तोच शब्द आहे. यादीबाहेरच्या औषधाचा मूळ भाव कंपनीच ठरवते. फक्त १२ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही.

शब्द निवडताना सरकारने हात का घातला हे विचारावं. फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डरच्या खात्यात काय चाललंय ते दिसत नाही. पाठ्यपुस्तकं याला ‘माहितीची विषमता’ म्हणतात. शब्द चांगला आहे, ठेवावा. तिच्यावरचा उपाय म्हणजे २०१६चा रेरा, अर्थात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, काम जितकं पुढे सरकेल त्या प्रमाणात अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावर काढायचे. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत. चौरस फुटाचा दर काय असावा याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. म्हणून या कायद्याखालची राज्यातली संस्था, महारेरा, ‘नियामक प्राधिकरण’ आहे, आणि वृत्तपत्रं ‘घरांच्या बाजारावर सरकारचं नियंत्रण’ असा मथळा देतात तेव्हा वाचकाची दिशाभूल होते.

नियंत्रण म्हणजे काय ते बघायचं तर दक्षिण मुंबईची चाळ बघावी. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच ‘प्रमाण भाडं’ मानलं. भाडं गोठलं, चुना-सिमेंटचे भाव गोठले नाहीत, मालकाने डागडुजी सोडली. अधिकृत भाडं आणि जागेचं खरं मोल यांतली दरी पागडीने, म्हणजे जागेसाठी भाड्याखेरीज वर मोजलेल्या रकमेने, भरून काढली. शेवटी १९६९ मध्ये सरकारला स्वतंत्र दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, त्यासाठी उपकर बसवावा लागला, आणि मराठीला ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मिळाला. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची वाट दिली, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

आता माझ्याच नियमाला अडचण. वीज नियामक आयोग तर दरच ठरवतो, मग त्याला नियामक का म्हणायचं? घरापर्यंत विजेच्या तारांची दुसरी ओळ टाकणं परवडत नाही, म्हणजे ही नैसर्गिक मक्तेदारी. ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची वाट नसते. पण आयोगाचा दर फर्मानाने येत नाही. कंपनी खर्चाचा हिशेब मांडून याचिका करते, जाहीर सूचना निघते, ग्राहक हरकती घेतात, जनसुनावणी होते, २००३च्या विद्युत अधिनियमाप्रमाणे १२० दिवसांत कारणांसह आदेश येतो आणि त्यावर अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. निकाल बांधलेला आहे, तरी रीत मोकळी आणि तपासता येण्याजोगी आहे. इथे ‘नियमन’च योग्य.

ज्यांना आवरायचं त्यांच्याच मुठीत नियामक जातो, हा दोष अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९७१ मध्ये मांडला. ‘नियामकाचं अपहरण’ असं त्याचं भाषांतर वाचनात येतं. ते ओढूनताणून केलेलं आहे. ‘नियामक कह्यात जाणं’ म्हणावं. गाळे मोजके, परवाने मोजके, नवा खरेदीदार आत येईना, अशा बाजार समितीचं वर्णन या तीन शब्दांत होतं.

थोडक्यात वापर असा. अर्थशास्त्रीय लेखनात ‘नियमन’. संस्था असेल तर ‘नियामक’. ‘विनियामक’ हिंदीला राहू द्यावा. कायद्याचं नाव उद्धृत करताना त्यात असेल तसं ‘विनियमन’. ‘विनियम’ ही वेगळी चीज : विधिमंडळ करतं तो अधिनियम, त्याखाली सरकार करतं ते नियम, आणि आयोग किंवा प्राधिकरण करतं ते विनियम.

मुद्रितशोधकांनी ‘विनिमय’वर डोळा ठेवावा. विनिमय म्हणजे अदलाबदल, जसं वस्तुविनिमय. म आणि य जागा बदलतात आणि विनियम तयार होतो. वर्तनीतपासणीला दोन्ही शब्द बरोबरच दिसतात. १९७३चा फेरा म्हणजे विदेशी विनिमय नियमन कायदा. तो ‘विदेशी विनियम नियमन’ असा छापला तर वाक्य व्याकरणाने शाबूत राहतं आणि परकीय चलन त्यातून गायब होतं.