‘आल्या परत’ असं मनात येतं तेव्हा

प्रश्न: ताई, मी फिजिशियन आहे. एक आजी तिसऱ्यांदा ‘चक्कर येते’ म्हणून आल्या. ‘वयाचं आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा’ असं मान वर न करताच सांगून मी मोकळा झालो. बाहेर नर्सने त्यांची पिशवी बघितली, तर रक्तदाबाची एकच गोळी त्या दोन वेगवेगळ्या नावांनी घेत होत्या. घरीही तेच. मुलगा काहीतरी सांगतो, मी ‘हं’ म्हणतो आणि तो विचारतो, ‘बाबा, काय सांगितलं मी?’ आमच्याकडे माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचं, शिबिर झालं, पण डोळे मिटले की मला राहिलेले पेशंट दिसतात. मी मुळातच कोरडा माणूस आहे का?

उत्तर: डॉक्टर, कोरडेपणाचं राहू द्या. आजींचा प्रसंग तुम्ही गोळीच्या घोळासकट लिहिलात, पण त्या दारातून आत आल्या तेव्हा तुम्हाला काय वाटलं, यावर एक अक्षर नाही. माझा अंदाज सांगू? ‘आल्या परत.’ निदान तिथेच ठरलं. पुढचं बोलणं कानावरून गेलं. कारण सापडल्यासारखं वाटलं की शोध थांबतो, हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहे. पण तो अनेकदा वैतागानेही थांबतो आणि त्या क्षणी वैताग आपल्याला वैताग वाटतच नाही, अनुभव वाटतो. खरी मेख इथे आहे.

यात तुम्ही एकटे नाही. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचा अभ्यास झाला. बहुतेक भेटींत रुग्णाचं पहिलंच बोलणं पुरं झालं नाही; डॉक्टर मध्ये बोलले ते सरासरी १८ सेकंदांत.

शिबिरातलं डोळे मिटणं तुम्हाला जमत नसेल तर सोडून द्या. रॉनल्ड एपस्टाईन या डॉक्टरांनी १९९९ मध्ये या विषयावर लिहिलं, तेव्हा त्यांचा भर रोजचं काम करता करताच आपल्या शरीरात-मनात काय चाललंय तिकडे लक्ष ठेवण्यावर होता. दोन पेशंटच्या मध्ये तुम्ही हाताला सॅनिटायझर चोळताच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे चोळलंत तर २० ते ३० सेकंद जातात. तेवढ्यात बघा: जबडा आवळलाय का? खांदे चढलेत का? मघाच्या नातेवाइकांशी झालेली वादावादी अजून डोक्यात चालू आहे का? राग घालवायच्या भानगडीत पडू नका, तो अशाने जात नाही. ‘वैतागलोय’ असं स्वतःशी कबूल करा आणि ज्या पेशंटचा वैताग आला, त्याच्या बाबतीत स्वतःला एक जास्तीचा प्रश्न विचारा: हे नसेल तर दुसरं काय असू शकेल? मग मान वर करा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. (उदबत्ती लावून बसणाऱ्यांना हे फारच रुक्ष वाटेल. वाटू दे.)

मुलाच्या बाबतीत मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तुमचं ‘हं’ खोटं आहे हे त्याला कळलंय, म्हणून तर तो परीक्षा घेतो. त्यापेक्षा सरळ सांगा, ‘डोकं अजून दवाखान्यात आहे, दहा मिनिटं दे.’ आणि दहा मिनिटांनी फोन बाहेर ठेवून तुम्ही त्याच्याकडे जा, तो परत येईल म्हणून बसून राहू नका.

आता शिबिर भरवणाऱ्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून कोरडं पडण्याची, नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारा परिणाम, अशी केली. तेव्हा ओपीडी अशीच तुंबवायची आणि डॉक्टरांना श्वास मोजायला लावायचं, हे काही चालायचं नाही. विभागाच्या बैठकीत आजींचा प्रसंग तुम्हीच मांडा. जुन्या पेशंटच्या गोळ्यांची पिशवी तुमच्यापर्यंत येण्याआधी कोणीतरी तपासावी आणि ओपीडीच्या मध्यात थोडी मोकळी वेळ ठेवावी, एवढ्या दोन मागण्या पुरेत. गोळ्यांची गफलत नर्सच्या नजरेला पडली म्हणून निभावली, हे तिथे तिच्यासमोर म्हणा.

आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर ते सॅनिटायझरच्या या वीस-तीस सेकंदांवर ढकलू नका. स्वतःच स्वतःला गोळी लिहून देण्याचा मोह डॉक्टरांना होतो, तो टाळा. मानसोपचारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्या, आणि तिथे विचारतील ते पेशंटसारखं सांगा.