एएम हर्क्युलिसकडे वळण्यापूर्वी

ठाण्यातील गच्चीवरून एएम हर्क्युलिस या जोडताऱ्याचे वर्तुळाकार ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहणे) मोजण्याचा आपला मानस स्तुत्य आहे. तथापि पहिला हंगाम केवळ प्रकाशमापनाला, म्हणजे ताऱ्याची तेजस्विता मोजण्याला द्यावा, असे मी सुचवेन. ही जोडी 3.1 तासांत एक फेरी पूर्ण करते आणि एप्रिलच्या उत्तररात्री, पावसाळी ढगांनी वाट अडवण्याआधी, अशी एक फेरी जेमतेम पदरात पडते.

या जोडीत सहचर ताऱ्याचा वायू श्वेतबटूच्या (मृत ताऱ्याच्या छोट्या, घन गाभ्याच्या) प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे भोवती चकती न बनवता थेट चुंबकीय ध्रुवापाशी कोसळतो आणि चुंबकरेषांभोवती घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन ध्रुवीकृत प्रकाश देतात. हे ध्रुवीकरण खगोलशास्त्रज्ञ तापिया यांनी 1976 साली टिपले.

पुढे ध्रुवीकरण मोजताना उपकरणात वोलास्टन प्रिझम (प्रकाश परस्परलंब ध्रुवीकरणाच्या दोन शलाकांत विभागणारा लोलक) असल्यास प्रत्येक ताऱ्याच्या दोन प्रतिमा एकाच वेळी मिळतात, त्यामुळे विरळ ढग गेला तरी त्यांचे गुणोत्तर फारसे बिघडत नाही. पाव-तरंग पट्टी (वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे रेषीय, म्हणजे एकाच दिशेतील ध्रुवीकरणात रूपांतर करणारी) 90 अंशांनी फिरवून दुसरे चित्र अवश्य घ्यावे: खऱ्या ध्रुवीकरणाचे चिन्ह उलटते, कॅमेऱ्याचा दोष मात्र तसाच राहतो. चंद्रापासून 90 अंशांवरचे आकाश रेषीय ध्रुवीकृत असते. ती पार्श्वभूमी वजा न करता, ते ताऱ्याचेच ध्रुवीकरण समजून मी एकदा पहाटेपर्यंत हुरळून बसलो होतो!