कुत्रं पळंना झालंय? आधी हिरड्या बघा

‘ताई, कुत्रं पळंना झालंय.’ कारवान आणि मुधोळ या शिकारी जातींची कुत्री पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. पाठोपाठ निदानही तयार असतं. माजलंय, आळसावलंय, मादीवर घातल्यापासून बिघडलंय, नाहीतर मन उडालंय. मी कुत्र्यांच्या वागण्याविषयी समुपदेशन करते, त्यामुळे मन ताळ्यावर आणायचा एखादा उपाय मी सांगेन, अशी समोरच्याची अपेक्षा असते. पण वाऱ्याशी स्पर्धा करणारं जनावर बघता बघता पळायचं सोडतं, तेव्हा मी मनाकडे सगळ्यात शेवटी वळते. का, ते एका अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि कुत्र्याचं नाव बदललं आहे.

करवीर तालुक्यातले एक काका. ऊस, गोठ्यात म्हशी आणि साडेतीन वर्षांचा तुफान, कारवान जातीचा. कोल्हापूरला शिकारी जनावरांचा नाद जुना. राजर्षी शाहूंच्या काळात इथे चित्ते पाळून त्यांच्याकडून शिकार करवत. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे आणि काका ते कटाक्षाने पाळतात. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात त्यांचा पुतण्या मोटरसायकलला लांब दोरी बांधतो, दोरीला चिंध्यांचं बोचकं, आणि तुफानला मागे सोडतो. त्या पळण्यासाठी तुफान पहाटेपासून साखळीला हिसके द्यायचा.

‘आता सोडलं की उठतंय, पन्नास पावलं पळतंय आणि थांबतंय. मागं वळून माझ्याकडं बघतंय,’ काका म्हणाले. ‘खातंय, पण पहिल्यागत न्हाई.’

यावर घरच्या घरी बरंच करून झालं होतं. कुणी म्हणालं उपाशी ठेवा, भुकेनं पळेल. दोन दिवस ठेवलं. मग उलट खुराक वाढवला, गंगावेशीत पैलवान पितात तसं धारोष्ण दूध आणि कच्ची अंडी. शेवटी पुतण्यानं एकदा पट्ट्यानं मारलं. हे सांगताना काका जमिनीकडे बघत होते.

मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: तो नेमका कुठे थांबतो? माझ्या अनुभवात निम्मं उत्तर इथेच मिळतं. सुटायच्या वेळीच अंग चोरतो, उडी मारताना कचरतो, तर बहुतेक दुखणं असतं. नख मुळातून हललेलं, बोट सरकलेलं, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटलेला, कंबरेत नस दाबली गेलेली. सुसाट सुटतो पण बोचकं वळलं तरी हा सरळच जातो, तर डोळे तपासून घ्यायचे, कारण ही कुत्री वासापेक्षा नजरेवर पळतात. साखळी हातात घेतल्याबरोबर कोपऱ्यात जाऊन बसतो, तर भीती. तिथे माझं काम सुरू होतं. आणि मनापासून सुटतो, पण थोड्या अंतरावर दमच संपतो, तर रक्त, हृदय किंवा फुफ्फुस. तुफानची गत ही शेवटची होती. त्याला पळायचं होतं, म्हणून तर तो उठत होता.

काका तरुणपणी तालमीत होते. मी विचारलं, ‘पोराचा दम अचानक तुटायला लागला तर वस्ताद काय करायचे?’ ते म्हणाले, ‘पयलं डोळं आणि जीभ बघायचं. कावीळ-बिवीळ असंल तर घरी धाडायचं.’ म्हटलं, तुफानचंही तेच करू.

ओठ वर उचलला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती भिजलेल्या कागदासारखी फिकट होती. अंगठ्याने दाबून सोडलं की रंग साधारण दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. इथे मुळात परतायला रंगच थोडा होता. (ज्या कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा.) पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर टाचणी टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. काका त्यांना उवा चावल्याचे डाग समजत होते. कानाच्या आतल्या घडीत आणि पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडले. काही तिळाएवढे, एक टम्म फुगून वाटाण्याएवढा.

मी लगेच पशुवैद्यकांकडे जायला सांगितलं. तेव्हा काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रक्त आधीच तपासून झालं होतं, आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

इथे थोडं थांबून लिहिते, कारण शिकारी जातीचं कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. त्या कागदावर पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचं शेकडा प्रमाण, 38 होतं. शेजारी छापलेली मर्यादा 37 ते 55. म्हणजे कागदापुरतं ठीक. पण ही छापील मर्यादा सरसकट सगळ्या कुत्र्यांची असते. नजरेवर धावणाऱ्या जातींचं रक्त मुळातच दाट असतं. ग्रेहाउंडवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि निरोगी ग्रेहाउंडमध्ये हा आकडा 50 च्या वर असणं नेहमीचं. प्रयोगशाळेच्या तक्त्यात कारवान, मुधोळसाठी वेगळा रकाना नसतो. पळणाऱ्या जातीच्या तरण्या कुत्र्याला 38 म्हणजे बरंच रक्त कमी, असं नंतर डॉक्टरांनीही काकांना समजावलं.

उलट बाजूही आहे. याच जातींमध्ये प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आणि थायरॉइडचे आकडे मुळात थोडे खाली असतात. त्यामुळे एखाद्या धडधाकट ग्रेहाउंडला किंवा सलुकीला ‘थायरॉइड कमी आहे, म्हणून सुस्त’ असं म्हणून विनाकारण गोळ्या सुरू होऊ शकतात आणि खरं दुखणं तसंच राहतं. म्हणून माझा आग्रह असतो, कुत्रं ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे आजारपणात त्याच्या आकड्यांची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी करता येते.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, गोचिडांमुळे होणारे आजार तपासायचं किट लावलं, प्लेटलेट पुन्हा मोजले. ते या जातीच्या हिशेबानेही फार खाली होते. निदान झालं एर्लिकिया, ज्याला आपण ढोबळमानाने गोचीड ताप म्हणतो. गोचीड चावल्यानंतर दोनतीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रं मलूल होतं आणि पुष्कळदा आपोआप सावरल्यासारखं दिसतं. जंतू मात्र अंगात राहतात, महिनोन्‌महिने. घरात बसून राहणाऱ्या कुत्र्यात हे लक्षातही येत नाही. पळणाऱ्या कुत्र्यात पळणंच आधी कमी होतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. बबेसिया हा गोचिडांमुळेच होणारा दुसरा आजार याच्या जोडीला असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तोही तपासला, तो नव्हता. लघवी कॉफीसारखी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं तर मात्र उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषध डॉक्सीसायक्लिन. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरच ठरवतील. मुदत साधारण 28 दिवस. इथे काकांच्या घरात दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली म्हणजे दूध. गोळी कुस्करून वाटीभर दुधातून द्यायची, हे त्यांच्या मते प्रेमाचं काम. पण दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. गोळी जेवणाबरोबर, भाकरीच्या घासातून द्यायची आणि वर पाणी पाजायचं, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दुसरी अडचण म्हणजे पाचव्या दिवशी तुफान शेपूट हलवत उठला. घरच्यांना वाटलं, झालं बरं. मी रोज संध्याकाळी फोन करून गोळी दिली का विचारत होते, ते याच भीतीने. अंगातली कणकण जाऊ दे म्हणून कुणी माणसांची वेदनाशामक गोळी सुचवली होती, तीही थांबवली. प्लेटलेट कमी असताना तिने आतून रक्तस्राव होऊ शकतो.

गोचीड म्हशींवरून आले, असं काकांचं ठाम मत होतं. म्हशींवरचा गोचीड साधारण वेगळा. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि मधल्या काळात खाली उतरून भिंतीच्या फटीत राहतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. तुफान झोपायचा ती दगडी भिंत टॉर्च लावून बघितली, तर फटींमध्ये छतापर्यंत रांगा होत्या. फटी गिलाव्याने बुजवल्या, गोणपाट जाळून टाकलं. कुत्र्याच्या अंगाला औषध डॉक्टरांनी दिलेलंच लावलं. गोठ्यातलं गुरांचं फवारणीचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये, त्याने विषबाधा होते.

माझ्या वाट्याचं काम त्यानंतरचं. रक्ताचा आकडा वर येईपर्यंत पळणं पूर्ण बंद, फक्त सकाळ-संध्याकाळ साखळीने फिरवणं. आणि हे फिरवणं पुतण्यानेच करायचं, जेवणाची थाळीही त्यानेच ठेवायची, असं मी सांगितलं. पहिले काही दिवस तो जवळ आला की तुफान मान खाली घालून लघवी करायचा. पोरगा रडला. मी त्याला म्हटलं, ‘तुला कळलं नव्हतं, आता कळलंय. तू जवळ आल्यावर वाईट काही होत नाही, हे त्याला रोज दिसू दे.’ जुना पट्टा घराबाहेर गेला. मोटरसायकल आधी नुसती उभी, मग नुसती चालू, मग बोचकं हाताने फेकून, अशा पायऱ्यांनी गेलो. पुढच्या तोडणीनंतर तुफान पुन्हा रानात सुटला. काकांच्या मते पहिल्यापेक्षा अजून हातभर कमी पळतो. मला त्याची हिरडी गुलाबी दिसली, ते पुरेसं वाटलं.

मध्यंतरी काका घाबरून पुन्हा आले. दुसऱ्या एका ठिकाणी किट लावलं आणि परत पट्टी पॉझिटिव्ह आली, परत 28 दिवस गोळ्या द्यायच्या का? हे पुष्कळ जणांना छळतं. ते किट जंतूंना नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना दाखवतं, आणि ती बरं झाल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त टिकतात. मी त्यांना जुना कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. पीसीव्ही 51, प्लेटलेट चांगले, वजन भरलेलं. गोळ्या लागल्या नाहीत.