फरशीवरचं शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडरमध्ये संडास साफ करायचं अॅसिड मिसळलं तर चालेल का? (खानापूर, जि. बेळगाव)

नाही, अजिबात मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे कारण थोडक्यात सांगतो. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट असतं आणि संडासाच्या अॅसिडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की पावडरीतला क्लोरीन लगेच मोकळा होतो. हा वायू हवेपेक्षा साधारण अडीच पट जड, म्हणून बंद न्हाणीघरात तो खालीच साचतो, आणि आपण तर वाकून फरशी घासत असतो! 1915 साली पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी शत्रूवर सोडला होता तो वायू हाच. ‘दोन औषधं एकत्र म्हणजे दुप्पट सफाई’ हा हिशेब इथं चुकतो, कारण क्लोरीन उडून गेल्यावर पावडरीत दमच राहत नाही.

अंगणातल्या शेवाळाला नुसती ब्लीचिंग पावडर पुरते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर अॅसिड दुसऱ्या दिवशी वापरा, तेही आधी भरपूर पाणी ओतून. व्हिनेगर, लिंबूसुद्धा आम्लच. काचा पुसायच्या द्रावणात अमोनिया असेल तर तेही ब्लीचजवळ नको, क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो.

साध्या कपड्याच्या साबणाबरोबर ब्लीच वापरलं तर हा धोका नाही. पण सुट्टं अॅसिड बिनलेबलच्या बाटलीत मिळतं, त्यात काय आहे ते कळत नाही, म्हणून ते कशातच मिसळू नका. चुकून वास आलाच तर बादली तिथंच सोडून बाहेर पडा. छाती भरल्यासारखी वाटली तर 108 ला फोन करा. त्रास काही तासांनीही वाढू शकतो.