परत येणारा शोमरोनी

तुम्ही विचारलंत: 'मला प्रवचन देता येत नाही. कुणाला मदत करायला गेलो तर लोकांना वाटतं, धर्म पसरवायला आलाय. मग ख्रिस्ती विश्वास रोजच्या जगण्यात उतरवायचा कसा?'

मला याचं उत्तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या शोमरोन्याकडे मिळालं. येशूने सांगितलेल्या त्या गोष्टीत लुटारूंनी एका माणसाला मारून वाटेवर टाकलेलं असतं, आणि शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परकं मानत त्या समाजातला एक प्रवासी, त्याला उचलून उतारशाळेत नेतो. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे त्या काळातली दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो, याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. जखमी माणसाला तो ना धर्म विचारत, ना स्वतःचा सांगत. आपला प्रवासही सोडत नाही. पण परत येणार असतो.

आमच्या शेजारच्या काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दोन दिवस त्यांचा मुलगा नेतो, मंगळवार माझा. मशीनवर चार तास जातात, नंतर सुईच्या जागी बराच वेळ दाबून धरावं लागतं, आणि उठताना त्यांना धरायला कुणीतरी लागतं. एवढंच काम. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या प्रेमाने नारळपाणी घेऊन गेले. सिस्टरांनी तिथेच थांबवलं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि अशा रुग्णाच्या हृदयाला त्याचा धोका असतो. तेव्हापासून काहीही करण्याआधी मी विचारते, 'काय लागतंय?' आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते पुष्कळदा समोरच्याच्या कामाचं नसतं.

संशयाचं म्हणाल, तर तो एका दिवसात जात नाही, आणि लोकांना तो येण्यामागे कारणं आहेत, म्हणून मी रागावत नाही. काकांकडे मी कधी पत्रक नेलं नाही, न विचारता प्रार्थना केली नाही. नाताळात फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, दिवाळीत त्यांचं आमच्याकडे येतं. दोन वर्षांनी काकूंनीच विचारलं, 'तू आमच्यासाठी एवढं का करतेस गं?' मी म्हटलं, 'प्रभूने माझ्यावर आधी प्रेम केलं, म्हणून.' त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवला. विचारलं तर खरं सांगावं. लपवणंही मला बरोबर वाटत नाही.

एवढ्याशा कामाने काय होणार, असंही मनात येईल. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना, विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. ते धाडस मोठंच. पण मी थबकते ती त्यानंतरच्या, केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या रोजच्या सकाळींपाशी: इतक्या जणींचं जेवण, आजारपणं, विणकाम आणि छापखान्याचं काम शिकवणं, अंध स्त्रियांना ब्रेल. तिथेही दया म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा उठणं होतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर तुमच्या मंडळीत किंवा गल्लीत महिनाभर न दिसलेलं एखादं वयस्कर माणूस आठवा. घरी जा. औषधं आणायची आहेत का, बँकेत जायचंय का, विचारा. अर्धा तास बसा, त्यांचं ऐका. आणि निघताना पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगून या.