बायोप्सी रिपोर्टमधला 'एआरआयडी१ए लॉस' म्हणजे काय? टेन्शनमुळे होतो का?

सांगलीहून तुम्ही विचारलंय: आईच्या अंडाशयाच्या गाठीच्या रिपोर्टात 'क्लिअर सेल कार्सिनोमा (अंडाशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार), एआरआयडी१ए लॉस' आलंय, टेन्शनमुळे झालं का, आणि मला व बहिणीला धोका आहे का?

टेन्शनचा याच्याशी संबंध नाही. एआरआयडी१ए हे पेशीतलं एक प्रथिन, आणि 'लॉस' म्हणजे गाठीच्या पेशींत ते हरवलेलं असणं. पेशीतला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, एका गुंडाळीत सुमारे १४७ बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या). आवळलेल्या गुंडाळीतलं जनुक वाचता येत नाही. एआरआयडी१ए ज्या स्विस्निफ नावाच्या प्रथिनांच्या संचात बसतं, तो संच एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून गुंडाळी सरकवतो किंवा उचकटतो. पेशीला उष्णतेचा चटका बसला किंवा डीएनए तुटला की ठरावीक जनुकं झटपट उघडावी लागतात: प्रथिनं सावरणारं एचएसपी७०, पी५३ या पहारेकरी प्रथिनाच्या इशाऱ्यावर पेशीचं विभाजन रोखणारं पी२१. एआरआयडी१ए गेलं की हा बंदोबस्त ढिला पडतो, तुटलेला डीएनए नीट सांधला जात नाही आणि तशाच पेशी वाढत राहतात. क्लिअर सेल प्रकारच्या जवळपास निम्म्या गाठींत हा बिघाड सापडतो. आईला आधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणं) होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. ही गाठ बऱ्याचदा त्यातूनच उद्भवते.

आता 'लॉस' खरा आहे का, हे बघा. या तपासणीत एआरआयडी१ए असेल तिथं तपकिरी रंग चढतो. म्हणून स्लाइडवर गाठीच्या पेशींची केंद्रकं रंगहीन आणि शेजारच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) व स्ट्रोमाची (गाठीला आधार देणाऱ्या ऊतकाची) केंद्रकं तपकिरी हवीत. शेजारचीही रंगहीन असतील तर तपासणीच फसली. बहुधा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) उशिरा पडलेला असतो. काढल्यावर तासाभरात तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास राहावा. दुसरं मत घ्यायचं तर तपासणी झालेल्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक (ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) मागून घ्या, नुसत्या जुन्या स्लाइड नकोत. कापून ठेवलेल्या स्लाइडवर रंग फिका पडत जातो. आणि पुण्या-मुंबईला नेताना, विशेषतः मे महिन्यात, ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण वितळतं.

निव्वळ या लॉसवरून नेहमीची शस्त्रक्रिया-केमो बदलत नाही. नेटवर टॅझेमेटोस्टॅट या औषधाचं नाव दिसेल, पण अमेरिकेत २०२० साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती एपिथेलिऑइड सार्कोमा या वेगळ्या, दुर्मिळ कर्करोगासाठी. तिथं बहुतेकदा आयएनआय१ हरवलेलं असतं. तेही स्विस्निफमधलंच, पण वेगळं प्रथिन.

राहिला तुम्हा बहिणींचा प्रश्न. एआरआयडी१एचा बिघाड बहुतेक वेळा फक्त गाठीतच असतो, आनुवंशिक नसतो. तरी त्याच ब्लॉकवर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांच्या तपासण्या झाल्यात का, ते विचारा. यातलं एखादं गेलेलं निघालं तर लिंच सिंड्रोमची (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराची) शंका येते, आणि मग जेनेटिक कौन्सेलिंग घ्यायलाच हवं.