सेप्टिक टँक: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: घर बांधून आठ वर्षं झाली, टाकी कधी उपसली नाही. परवा झाकण काढलं तर पाणी पार वरपर्यंत. टाकी भरली का?

पाणी वरपर्यंत असणारच, जेवढं आत येतं तेवढंच पलीकडून शोषखड्ड्यात जातं. बघायचा असतो तो तळाचा गाळ. पण दर 2-3 वर्षांनी उपसा करायचा असतो आणि तुमची आठ झालीत, तेव्हा आधी गाळ ओढणारी गाडी बोलवा. पुढच्या वेळेपासून मोजून बघा: लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, सावकाश तळापर्यंत सोडायचा, दोन-तीन मिनिटं धरून हळू वर काढायचा, टॉवेल जिथपर्यंत काळा झालाय तेवढा गाळ. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसा. हे करताना तोंड आत घालू नका आणि जवळ बिडी-काडेपेटी अजिबात नको, आत पेट घेणारा मिथेन वायू असतो. वाई नगरपरिषदेने तर कुणाच्या तक्रारीची वाट न बघता दर 3 वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसायची पद्धत लावली, हे प्रत्येक गावात व्हायला हवं.

प्रश्न: दर आठवड्याला संडासात ऍसिड ओतलं तर चालेल? आणि टाकीत टाकायची जिवाणूंची पावडर मिळते, ती टाकली की उपसावं लागत नाही म्हणतात, खरं का?

भांडं घासण्यापुरतं क्लीनर ठीक आहे. बाटलीच्या बाटली ऍसिड ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. पावडरने वाळू, न कुजलेला गाळ कुठे जाणार? उपसा चुकत नाही. पॅड, डायपर, वाइप्स तर टाकूच नका.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीकडचे. पावसाळ्यात संडासचं पाणी उतरतच नाही, उपसून घेतलं तरी चार दिवसांत परत तेच.

दोष बहुतेक शोषखड्ड्याकडे आहे, आजूबाजूची जमीनच पाण्याने भरलीय तर ती अजून पाणी पिणार कशी? पागोळ्यांचं आणि अंगणातलं पाणी खड्ड्यापासून लांब वळवा, आंघोळीचं, कपड्यांचं पाणी टाकीत सोडलं असेल तर वेगळं काढा. फायबरची टाकी भर पावसात पूर्ण रिकामी करू नका, भूजल वर असलं की ती उचलली जाते. दिवाळीनंतर खड्डा उकरून बघा, आणि नवीन घेणार असाल तर विहिरीपासून कमीत कमी 18 मीटर लांब, जमलं तर 30.

प्रश्न: गल्लीत गाडी येत नाही. एक माणूस खाली उतरून कमी पैशात साफ करतो म्हणतोय, करून घेऊ का?

नाही, त्याने स्वतःहून तयारी दाखवली तरी नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू सुटतो, सुरुवातीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो, अशा बातम्या आपण किती वेळा वाचायच्या? हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने माणसाला असं आत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून लांब पाईप जोडता येतो का ते विचारा, छोटी गाडी मिळते का बघा, नगरपालिकेत चौकशी करा किंवा 14420 या टाकी-गटार सफाईच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि कुणी आत पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, बाकीच्यांनाही धरून ठेवा आणि लगेच 101 ला, म्हणजे अग्निशमन दलाला, फोन करा.